शेगडी

हा लेख उचलून नेता येण्याजोग्या, लाकूड किंवा कोळशावर चालणाऱ्या घरगुती शेगडीविषयी आहे. गॅसच्या व विजेच्या चुलीलाही बोलीभाषेत शेगडी म्हणतात. त्यांचा येथे तुलनेपुरता उल्लेख आहे.

शेगडी हे अन्न शिजवण्यासाठी, भाजण्यासाठी किंवा ऊब घेण्यासाठी वापरले जाणारे, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येणारे अग्निपात्र आहे. जमिनीत रोवलेली किंवा ओट्यावर लिंपून बसवलेली ती चूल आणि उचलून अंगणात, गच्चीवर वा शेतात नेता येते ती शेगडी, असा ढोबळ भेद मराठीत केला जातो. मात्र बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या किंवा मातीच्या सुट्या चुलींना दोन्ही नावे लावली जातात. सोलापूर जिल्ह्यात ज्वारीची भाकरी, कडक भाकरी आणि हुरडा या तीन पदार्थांमुळे उघड्यावरील विस्तवाचा वापर गॅस घरोघरी पोहोचल्यानंतरही टिकून आहे. अलीकडे शहरी घरांत गच्चीवर ठेवण्याची तंदूर भट्टी आणि पिझ्झा भट्टी ही याच प्रकारची नवी उपकरणे दिसू लागली आहेत.

नाव

शेगडी या शब्दाचा संबंध संस्कृतमधील 'अंगारशकटी' या शब्दाशी जोडला जातो. अंगार म्हणजे निखारा आणि शकटी म्हणजे लहान गाडी. निखारे वाहून नेणारी ती अंगारशकटी. अमरकोशात या पात्रासाठी अंगारधानिका, अंगारशकटी, हसन्ती आणि हसनी अशी नावे आढळतात. हिंदीतील 'सिगडी' हा शब्दही याच कुळातला आहे. हलवता येणे हा शेगडीचा मुख्य गुण असल्याचे तिच्या नावातच सूचित झाले आहे.

रचना

साध्या शेगडीचे चार भाग असतात: विस्तव धरणारी वरची पोकळी, तिच्या तळाशी असलेली जाळी, जाळीखालचा राखेचा कप्पा आणि हवा आत येण्यासाठी पुढे ठेवलेले तोंड. वरच्या काठावर तीन उंचवटे असतात. भांडे त्यांवर टेकते व त्यांच्यामधील फटींतून धूर आणि गरम वायू बाहेर पडतात. बाजूला उचलण्यासाठी कान किंवा कडी असते.

जाळीमुळे हवा इंधनाच्या खालून वर येते आणि राख खाली गळते. जाळी नसलेल्या चुलीत राख इंधनाभोवती साचते, हवा अडते आणि धूर वाढतो. पोकळीच्या आतील बाजूस मातीचे किंवा भाजलेल्या विटेचे अस्तर असल्यास उष्णता पत्र्यातून बाहेर निसटत नाही. पोकळीतले तापमान वाढते आणि न जळलेले वायूही पेट घेतात. नुसत्या पत्र्याची शेगडी लवकर तापते व हलकी असते. परंतु तिचा पत्रा बाहेरून अतिशय गरम होतो आणि आतून लवकर जळून जातो.

बसवलेल्या चुलीला मागे किंवा बाजूला दुसरे भोक असते. त्याला वैल म्हणतात. वैलावर आमटी किंवा दूध मंद उष्णतेवर राहते. शेगडीला सहसा वैल नसतो. त्यामुळे एका वेळी एकच भांडे ठेवता येते. बसवलेल्या चुलीच्या तुलनेत ही तिची मोठी मर्यादा आहे.

प्रकार

मातीची शेगडी: कुंभाराने घडवून भाजलेली किंवा घरी मातीत भुसा व शेण मिसळून बनवलेली. उष्णता चांगली धरते, स्वस्त असते. मात्र पावसात भिजल्यास किंवा आपटल्यास तडकते.

पत्र्याची शेगडी: लोखंडी पत्रा वाकवून, रिबिट मारून किंवा जोडकाम करून बनवलेली. जुनी बादली किंवा तेलाचा डबा कापून, आतून माती लिंपूनही ती घरी तयार करतात.

बिडाची शेगडी: ओतीव लोखंडाची, जड आणि टिकाऊ. कोळशासाठी योग्य.

भुशाची शेगडी: डब्याच्या मध्यभागी दांडा उभा धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरतात आणि नंतर दांडा काढून घेतात. राहिलेल्या पोकळीतून भुसा आतून बाहेर हळूहळू जळतो. एकदा पेटवल्यावर ती बराच वेळ एकसारखी चालते. मात्र मध्येच इंधन घालता येत नाही.

पंख्याची शेगडी: लहान विद्युत पंखा विस्तवाला हवा पुरवतो. धूर कमी होतो आणि इंधन वाचते. पण बॅटरी किंवा वीज लागते.

रॉकेट चूल: कोपराच्या आकाराच्या उष्णतारोधक नळीत बारीक काटक्या आडव्या सारून जाळतात आणि ज्वाला उभ्या नळीतून वर ओढली जाते. १९८०च्या दशकात अमेरिकेतील लॅरी विनियार्स्की यांनी या रचनेची तत्त्वे मांडली.

इतर प्रदेशांत व देशांतही अशी पात्रे आहेत. काश्मीरमधील कांगडी ही वेताच्या टोपलीत बसवलेली मातीची शेगडी फिरनच्या आत धरली जाते. जपानमध्ये शिचिरिन ही मातीची कोळशाची शेगडी वापरली जाते. केनियात १९८०च्या दशकात पत्र्याच्या कोळसा शेगडीला भाजलेल्या मातीचे अस्तर देऊन 'जिको' ही सुधारित शेगडी तयार झाली आणि ती पूर्व आफ्रिकेत सर्वदूर पसरली.

सोलापूर परिसरातील वापर

भाकरी

सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीसाठी ओळखला जातो. मंगळवेढा तालुक्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. येथील मालदांडी ज्वारीला 'मंगळवेढा ज्वारी' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मोहोळ येथील कृषी संशोधन केंद्राचे नाव 'मालदांडी ३५-१' या वाणाशी जोडलेले आहे.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते. त्यामुळे पीठ गरम पाण्यात मळून, काटवटीत किंवा परातीत हाताने थापून भाकरी करावी लागते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतात, पाणी सुकताच भाकरी उलटतात आणि दुसरी बाजू भाजली की तवा बाजूला सारून किंवा चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून भाकरी थेट विस्तवावर धरतात. निखाऱ्याची उष्णता भाकरीच्या पूर्ण पृष्ठभागावर सारखी पडते. आतील पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा सुटून भाकरी फुगते. गॅसवर ज्वाला एका वर्तुळात केंद्रित असते. म्हणून तेथे भाकरी सतत फिरवावी लागते किंवा खाली जाळी ठेवावी लागते.

यावरून भाकरीसाठीच्या शेगडीची पहिली अट स्पष्ट होते: तिच्या तोंडाशी निखारे पसरण्यास आणि भाकरी टेकवून उभी करण्यास जागा हवी. वरून फक्त भांड्यापुरते उघडे असलेल्या अरुंद शेगडीवर भात-आमटी उत्तम होते. पण भाकरीचा शेवटचा शेक देता येत नाही.

कडक भाकरी

सोलापूर आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात ज्वारी किंवा बाजरीची अतिशय पातळ भाकरी मंद विस्तवाजवळ पूर्ण सुकेपर्यंत ठेवतात. पाण्याचा अंश निघून गेल्याने ती पापडासारखी कडकडीत होते आणि अनेक दिवस टिकते. शेंगदाण्याची चटणी, दही किंवा आमटीबरोबर ती खातात. या कामाला मोठी ज्वाला चालत नाही. राखेखाली दीर्घकाळ धगधगणारे निखारे लागतात. त्यामुळे जाड अस्तराची, उष्णता धरून ठेवणारी शेगडी पातळ पत्र्याच्या शेगडीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

हुरडा

हिवाळ्यात ज्वारीची कणसे दुधाळ अवस्थेतून पुढे जात असताना शेतात हुरडा भाजला जातो. जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. या खड्ड्याला आगटी म्हणतात. गोवऱ्यांचे निखारे झाल्यावर कणसे त्यांत खोचतात आणि भाजलेली कणसे हातावर चोळून दाणे काढतात. आगटी हलवता येत नाही. त्यामुळे गच्चीवर किंवा अंगणात हुरडा करताना रुंद, उथळ तोंडाची शेगडी तिची जागा घेते. खोल व अरुंद पोकळीत कणसे एका बाजूने करपतात.

स्थलांतरितांची चूल

जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे. गळीत हंगामात येणारे ऊसतोड कामगार कोपीबाहेर तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करतात. पंढरपूरच्या वारीतील लहान दिंड्या, मेंढपाळ कुटुंबे आणि बांधकाम मजूर यांनाही रोज जागा बदलत शिजवावे लागते. या लोकांसाठी शेगडी ही हौसेची वस्तू नसून रोजच्या जेवणाचे साधन आहे. इंधन गोळा करण्याचे श्रम आणि धुराचा त्रास हे दोन्ही मुख्यतः स्त्रियांच्या वाट्याला येतात.

इंधन

या भागात बाभळीचे सरपण, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, उसाची चिपाडे आणि गोवऱ्या हे जळण सहज मिळते. बाभळीचे लाकूड कठीण असून त्याचे निखारे दीर्घकाळ टिकतात. तुराट्या चटकन पेट घेतात आणि मोठी ज्वाला देतात. पण त्यांचे निखारे फार काळ राहत नाहीत. म्हणून विस्तव पेटवण्यासाठी तुराट्या आणि भाकरी शेकण्यासाठी बाभूळ असा मेळ घातला जातो. गोवऱ्या मंद जळतात व पुष्कळ धूर करतात.

एक किलो सुक्या लाकडात साधारण १५ ते १८ मेगाज्यूल, लोणारी कोळशात २८ ते ३० मेगाज्यूल आणि स्वयंपाकाच्या गॅसमध्ये सुमारे ४५ मेगाज्यूल उष्णता असते. ओल्या लाकडातील बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते; म्हणून कोणत्याही शेगडीत कोरडे जळण ही कमी धुराची पहिली अट आहे.

उसाचे पाचट शेतातच जाळून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पुण्यातील 'आरती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने पाचटापासून कोळसा व कांडी कोळसा तयार करण्याची पद्धत विकसित केली. या कामासाठी संस्थेला २००२ मध्ये ब्रिटनमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला. थोड्या कांडी कोळशावर वाफेने एका वेळी अनेक पदार्थ शिजवणारा 'सराई कुकर' हेही याच संस्थेचे उत्पादन आहे.

सुधारणेचे प्रयत्न

धूर कमी करणाऱ्या चुलीचा शोध भारतात स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात सुरू झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग चळवळीतून मगन चूल पुढे आली. हैदराबाद येथील अभियंते एस. पी. राजू यांनी धुराडे असलेल्या निर्धूर चुलीचा पुरस्कार केला आणि तिच्याविषयीची त्यांची पुस्तिका १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. या दोन्ही चुली बसवण्याच्या होत्या.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ ते २००२ या काळात राबवला गेला. बसवलेल्या अनेक चुली दुरुस्तीअभावी किंवा स्थानिक भांडी व पदार्थांना न जुळल्यामुळे वापराबाहेर गेल्या. भाकरीचा तवा न मावणारी चूल कितीही इंधन वाचवत असली तरी या भागातील स्वयंपाकघरात टिकत नाही, हा त्यातून मिळालेला धडा आहे. २०१४ मध्ये उन्नत चूल अभियान सुरू झाले. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतून गरीब कुटुंबांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडण्या देण्यात आल्या. त्यानंतरही अनेक घरांत गॅस आणि चूल दोन्ही वापरले जातात: चहा व भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचे पाणी सरपणावर.

मानके

भारतीय मानक ब्यूरोने घन जैवइंधनाच्या सुवाह्य चुलीसाठी आयएस १३१५२ हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१३ मध्ये त्यात सुधारणा केली. सुधारित मानकानुसार नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. भांड्याला मिळालेल्या प्रत्येक मेगाज्यूल उष्णतेमागे कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन ५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. सूक्ष्म कणांची मर्यादा नैसर्गिक हवेच्या चुलीसाठी ३५० मिलिग्रॅम आणि पंख्याच्या चुलीसाठी १५० मिलिग्रॅम आहे.

या आकड्यांचा घरगुती अर्थ पुढील उदाहरणाने स्पष्ट होतो. ५ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे १.६ मेगाज्यूल उष्णता लागते. लाकडाचे उष्णतामूल्य किलोमागे १६ मेगाज्यूल धरल्यास १२ टक्के कार्यक्षमतेच्या तीन दगडांच्या चुलीत सुमारे ८०० ग्रॅम, २५ टक्क्यांच्या शेगडीत ४०० ग्रॅम आणि ३५ टक्क्यांच्या पंख्याच्या शेगडीत ३०० ग्रॅमच्या आत लाकूड लागते. म्हणजे मानकाची किमान पातळी गाठणारी साधी शेगडीही सरपणाचा खर्च व श्रम निम्म्यावर आणते.

निवडीचे निकष

पदार्थ: भाकरीसाठी तोंडाशी मोकळी जागा, हुरडा व वांगी भाजण्यासाठी रुंद उथळ पोकळी, भात-आमटीसाठी भांड्याला घट्ट बसणारा काठ आवश्यक असतो. एकच शेगडी तिन्ही कामे सारखीच चांगली करत नाही. रोजच्या कामाला प्राधान्य देणे इष्ट ठरते.

इंधन: कोळशाच्या शेगडीत लाकूड जाळल्यास धूर होतो, तर लाकडाच्या मोठ्या पोकळीत कोळसा वाया जातो. घराजवळ वर्षभर काय मिळते ते पाहून रचना निवडली जाते.

अस्तर व वजन: जाड अस्तर उष्णता धरते, पण वजन वाढवते. रोज उचलून ठेवायची असल्यास एका माणसाला दोन्ही कानांनी सहज उचलता येईल इतकीच जड शेगडी सोयीची असते.

स्थैर्य: तव्यावर भाकरी उलटताना आणि काठवत जवळ ठेवून काम करताना शेगडीला धक्के बसतात. पाय पसरट आणि उंची कमी असलेली शेगडी सहज कलंडत नाही.

बदलता येणारी जाळी: शेगडीत प्रथम जाळी जळते. ती सुटी असल्यास स्थानिक लोहाराकडून नवी करून घेता येते. पक्की जोडलेली असल्यास संपूर्ण शेगडी निकामी होते.

हवामान: सोलापूरचा उन्हाळा कडक असून तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्यामुळे उघड्यावरचा स्वयंपाक सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर होतो. उन्हाळ्यातील जोराच्या वाऱ्यात ज्वाला भांड्यापासून दूर ढकलली जाते. अशा ठिकाणी वाऱ्याकडील बाजू बंद असलेली किंवा आडोशासह येणारी शेगडी इंधन वाचवते.

तंदूर व पिझ्झा भट्टी

शेगडीत उष्णता खालून मिळते, तर भट्टीत ती सर्व बाजूंनी मिळते. पत्र्याच्या पिंपात मातीचा रांजण बसवून केलेला घरगुती तंदूर ही भारतातील परिचित सुवाह्य भट्टी आहे. गच्चीवर ठेवण्याच्या लहान पिझ्झा भट्टीचा प्रसार २०१२ नंतर झाला. त्या वर्षी सुरू झालेल्या 'ऊनी' या कंपनीने लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी हलकी भट्टी बाजारात आणली.

नेपल्स पद्धतीचा पिझ्झा सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सिअस तापमानात ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. त्यासाठी भट्टीत जाड दगडी तळ, कमी उंचीचे घुमटाकार छत आणि मागून येणारी ज्वाला असते. दगड पूर्ण तापण्याआधी पिझ्झा ठेवल्यास वरचा भाग करपतो व तळ कच्चा राहतो. म्हणून अशा भट्टीबरोबर पृष्ठभागाचे तापमान दाखवणारा तापमापक उपयोगी पडतो.

गॅसवर चालणारी आयात केलेली भट्टी घेताना तिचा दाब व जोडणी तपासणे महत्त्वाचे असते. अनेक परदेशी भट्ट्या शुद्ध प्रोपेनसाठी आणि वेगळ्या दाबाच्या रेग्युलेटरसाठी बनवलेल्या असतात. भारतातील १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. नळी किंवा रेग्युलेटर घरच्या घरी बदलून केलेली जोडणी धोकादायक ठरते.

वापराच्या दृष्टीने पिझ्झा भट्टी आणि शेगडी परस्परांची जागा घेत नाहीत. भट्टीचे छत बसके असल्याने तिच्यात तवा व पातेले वापरणे अवघड जाते. शेगडीवर झाकण ठेवून पिझ्झा भाजता येतो, पण त्याला भट्टीसारखा वरचा शेक मिळत नाही. रोजची भाकरी आणि अधूनमधूनचा पिझ्झा अशी गरज असलेल्या घरात शेगडीवर जाड बिडाचा तवा व घट्ट झाकण हा कमी खर्चाचा पर्याय असतो.

आरोग्य व सुरक्षितता

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे होणाऱ्या वायुप्रदूषणाने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. धुराचा संबंध श्वसनमार्गाचे दीर्घ विकार, हृदयविकार, पक्षाघात आणि लहान मुलांतील न्यूमोनिया यांच्याशी आहे. उघड्यावर शेगडी वापरल्याने धूर विरळ होतो; परंतु विस्तवासमोर वाकून बसलेल्या व्यक्तीच्या श्वासात तो तरीही जातो. त्यामुळे वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल अशी बैठक घेणे हितावह असते.

कोळशाच्या शेगडीचा धोका अधिक फसवा आहे. निखाऱ्यांतून धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडत असतो. या वायूला रंग किंवा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची सुरुवातीची लक्षणे आहेत. झोपेतील व्यक्तीला ती जाणवतही नाहीत. थंडीत उबेसाठी पेटती शेगडी खोलीत घेऊन दार-खिडक्या बंद करणे जिवावर बेतू शकते. स्वयंपाक संपल्यावर विझत आलेली शेगडी पावसापासून वाचवण्यासाठी घरात आणणेही तितकेच धोक्याचे आहे. राख पूर्ण थंड होईपर्यंत तिची जागा बाहेरच असावी लागते.

गच्चीवर शेगडी ठेवताना फरशी तडकू नये म्हणून खाली विटांचा किंवा वाळूचा थर देतात. विस्तव पेटवण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे टाळले जाते; त्याऐवजी तुराट्या, ढलप्या आणि फुंकणी पुरेशी होतात. कडब्याची गंजी, वाळत घातलेले कपडे आणि गॅस सिलिंडर यांच्यापासून पुरेसे अंतर, जवळ पाण्याची बादली आणि लहान मुलांना दूर ठेवणे या किमान दक्षता आहेत. भाकरी करताना नायलॉनऐवजी सुती कपडे वापरणे सुरक्षित असते.

निगा

मातीच्या शेगडीला पडलेल्या भेगा ओल्या मातीने वेळीच लिंपल्यास ती दीर्घकाळ टिकते. नवी मातीची शेगडी प्रथम थोड्या काटक्यांच्या मंद जाळावर तापवतात. सुरुवातीलाच मोठा जाळ केल्यास आतील ओलाव्याची वाफ होऊन ती तडकते. पत्र्याच्या शेगडीत राख साचून राहिली तर पावसाळ्यात तिला गंज चढतो, म्हणून वापरानंतर राख काढली जाते. तापलेल्या बिडावर पाणी ओतल्यास ते फुटू शकते. थंड झालेली राख भांडी घासण्यासाठी आणि परसातील झाडांसाठी वापरली जाते.

हेही पहा

चूल
भाकरी
हुरडा
तंदूर
बायोगॅस
सौर कुकर